कोटाच्या मापाचे सर

कापड

कात्रीनं शेवटचा घास घेतला, कापडाचे दोन भाग टेबलावर वेगळे पडले आणि नेमकं तेव्हाच आतून बायकोनं विचारलं,

"अहो, हेडसरांच्या कोटाची मापं टेबलावर खडूनं लिहिलीयत. दिसली ना?"

"दिसली की. कापूनसुद्धा झालं."

"इतक्यात?" ती हात पुसत बाहेर आली. तिनं कापलेलं कापड बघितलं, टेबल बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. "शर्टाला हे पांढरं काय लागलंय?"

टेलरनं मान खाली घातली. मधे पोट असल्यामुळे शर्टाचा तो भाग त्याला बऱ्याच वर्षांत दिसलेला नव्हता. "काय लागलंय?"

"हेडसरांची मापं."

दुकानाची पद्धतच अशी होती. जे काम हातात, त्याची मापं टेबलाच्या कडेला खडूनं लिहायची. काम संपलं की फडकं मारायचं. या खेपेला फडक्याचं काम पोटानं केलं होतं. वाकून वाकून कापड अंथरता अंथरता छाती, कंबर, खांदा, बाही, सगळं साफ. शिल्लक होते ते टेबलाच्या पलीकडच्या टोकाचे आकडे. टेलरनं त्या आकड्यांवर विश्वास टाकला होता.

"मग हे छत्तीस कुणाचं?" बायकोनं त्यांच्यावर बोट ठेवलं.

"माझं."

"तुमची कंबर छत्तीस?"

"आत्ता नाही गं. होणार आहे. जिममधला पैलवान म्हणाला, डोळ्यांसमोर ध्येय ठेवा. म्हणून लिहून ठेवलं."

बायको स्टुलावर बसली. उठली. परत बसली.

"म्हणजे तुम्ही हेडसरांचा कोट," ती सावकाश म्हणाली, "तुमच्या ध्येयाच्या मापानं कापलात."

पोट

झालं होतं ते असं. डॉक्टरनं नवराबायको दोघांनाही वजन कमी करायला सांगितलं होतं. कसं, ते सांगितलं नव्हतं. तिथून दुकानात दोन पक्ष पडले.

बायको पहाटे उठून तळ्याभोवती चालू लागली. टेलरनं जिममध्ये नाव घातलं.

"चालून कुणी बारीक होतं का? तसं असतं तर पोस्टमन दिसलेच नसते."

"आणि जिममध्ये काय होतं? जड वस्तू उचलायची आणि परत तिथेच ठेवायची. घरात पाण्याची बादली उचलवत नाही तुम्हाला."

"ते वेगळे स्नायू असतात."

"हो ना, आणि ते फक्त माणसं बघत असली की चालतात."

टेलर जिमच्या बाजूनं खूप बोलायचा. खरं कारण मात्र बोलायचा नाही. त्याला रस्त्यावरून चालणंच शक्य नव्हतं. कोपऱ्यावर सफारीवाला उभा असायचा, औषधांच्या दुकानात गणवेशवाली, पुलावर दोन जॅकेटवाले भाऊ; आणि या सगळ्यांना टेलरनं कधी ना कधी "उद्या नक्की" म्हटलेलं होतं. ज्याची बायको चालायला गेली की लोक तिला विचारत, "टेलर कुठायत?", तो माणूस हवा खायला कसा बाहेर पडणार? जिम तळघरात होती. तिला खिडकी नव्हती. टेलरला तिथे पहिल्याच दिवशी बरं वाटलं.

माया

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. पुढेमागे माणूस सुटला तर शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, कोट वाढतो. टेलर माया अगदी कमी सोडायचा. त्याचा त्याला अभिमान होता. आत फुगवटा नको, बाहेर सुरकुती नको, कोट कसा अंगावर बसला पाहिजे.

आता त्यानं ते तुकडे कच्च्या टाक्यांनी जोडून बायकोला अंगात घालायला लावले, स्वतः घातले, लाकडी पुतळ्याला घातले. हेडसर आणि पुतळा यांत पुष्कळ फरक होता. उरलीसुरली माया सगळी काढून हिशेब केला, तरी बटण आणि काज यांच्यामध्ये चार बोटं अंतर राहत होतं.

"दुसरं कापड आणू," टेलर म्हणाला.

"कुठून आणाल?"

राखाडी कापड, आत निळ्या दोऱ्याची एक बारीक रेघ. असं कापड आता निघत नव्हतं. हेडसरांच्या बायकोनं ते आणून ठेवलं होतं, सर निवृत्त होतील त्या दिवशीसाठी. बाई गेल्या. कापड कपाटात राहिलं. परवा सरांनी ते दुकानात आणलं तेव्हा पिशवीतून नव्हे, दोन्ही हातांवर आडवं धरून आणलं होतं. ठेवताना म्हणाले होते, "टेलर, एवढं एकच आहे हो."

शाळेतला निरोपसमारंभ सत्र संपताना होता.

टेलर दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला. परत आला. टेप गळ्यात घातली, काढली, पुन्हा घातली.

"कोट वाढत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग सर कमी झाले पाहिजेत."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाला अल्टर करायचं, असं दुकानाच्या इतिहासात कुणी सुचवलं नव्हतं. पण तिला दुसरंही काही सुचेना.

"मी त्यांना चालायला नेते," ती म्हणाली.

"चालून पुढच्या सत्राला होतील कमी. जिम!"

खांदे

टेलर सरांच्या घरी गेला. आपण होऊन गेला. दार उघडून सर बघतच राहिले.

"कोट झाला?"

"होतोय. मी वेगळ्याच कामाला आलोय. सर, माझ्याबरोबर जिमला येता का? एकट्याला भीती वाटते."

"कशाची?"

"यंत्रांची."

सरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बराच वेळ बघितलं. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. मग म्हणाले, "बरं. येतो."

तर आता जिम, पहाट, दोन ट्रेडमिल शेजारी शेजारी, एकावर सर आणि एकावर टेलर, आणि टेलरला वाटतंय की सुरू झालं एकदाचं, आणि समोरच्या दारातून आत येतोय तो सफारीवाला, ज्याची सफारी गेल्या थंडीपासून उद्या मिळणार आहे, आणि तो येऊन टेलरच्या ट्रेडमिलसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, "वा, इथे सापडलात!", आणि टेलर पळतोय, जीव तोडून पळतोय, आणि सफारीवाला आहे तिथेच आहे, आणि टेलरही आहे तिथेच आहे, आणि वेग कमी करायचं बटण समजून तो जे दाबतोय ते वेग वाढवायचं आहे.

"उद्या!" तो ओरडला. "उद्या नक्की!"

"पळता पळता तरी खरं बोला हो," सफारीवाला म्हणाला.

पट्ट्यानं टेलरला मागे नेऊन गादीवर ठेवलं. सर शेजारी शांतपणे चालत होते.

मापाची मोठी अडचण होती. सरांना टेप लावायची सोय नव्हती; टेप लावली की विचारणार, कोट कापला नाही काय अजून? तेव्हा टेलरनं आपली युक्ती काढली. रोज व्यायाम संपला की तो सरांना मिठी मारायचा. उभा जन्म मापं घेण्यात गेलेला माणूस. त्याच्या हातांना कळायचं. बोटं पाठीमागे कुठवर पोचली, त्यावरून कंबर. हनुवटी कुठे टेकली, त्यावरून छाती.

"एवढं प्रेम!" जिमचा ट्रेनर म्हणाला. त्याला सगळे पैलवान म्हणत. "आम्हाला नाही कधी मारली मिठी."

"तुमचा कोट नाही ना," टेलर बोलून गेला आणि जीभ चावली.

कंबर उतरत होती. बोटं एकमेकांच्या जवळ येत होती. टेलर घरी येऊन बायकोसमोर छाती काढून चालू लागला. मग एके दिवशी मिठी मारली आणि त्याची हनुवटी भलत्याच ठिकाणी टेकली. त्यानं हात सोडले, पुन्हा मारली. तेच. पैलवान लांबून अंगठा दाखवत होता.

"सरांचं शरीर काय प्रतिसाद देतंय! या वयात! खांदे बघा, छाती बघा. मी त्यांचं वजन वाढवलंय. उचलायचं हो, उचलायचं."

टेलर दुकानात पोचला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"वाढली," तो म्हणाला.

"कंबर?"

"छाती. खांदेपण. पैलवानानं त्यांना लोखंड उचलायला लावलंय. आता कोट वरूनही होणार नाही."

बायकोनं हातातली पँट खाली ठेवली. सरांची पँट तिनं स्वतः कापली होती, स्वतः घेतलेल्या मापानं. मापं तिला पाठ होती, खडू लागत नव्हता. "पोट कमी करायला नेलं होतंत, का मिरवणुकीत मोटार ओढायला?"

"आता काय करू?"

"आता तुम्ही काही करू नका," ती म्हणाली.

वाट

तिनं सरांना तळ्यावर गाठलं. "सर, त्या जिममध्ये हवा नाही. माझ्याबरोबर चाला. आमच्या ह्यांना मी सांगते."

"टेलरला वाईट वाटेल, वहिनी."

"त्यांना मी आहे."

सर चालू लागले. चालायला चांगले होते. पण एक गोष्ट वहिनीच्या लक्षात आली नव्हती. सर आयुष्यभर त्याच गावात शिकवत आले होते. तळ्याच्या कडेला चहाची टपरी होती, टपरीवाला त्यांचा विद्यार्थी. पुढच्या वळणावर बेकरी, बेकरीवाला विद्यार्थी. त्याच्या पुढे रसवाला, तो तर दोनदा एकाच वर्गात बसलेला, म्हणून त्याचं प्रेम दुप्पट.

"सर! बसा ना, सर! गरम केक काढलाय."

"अरे, मी चालायला..."

"सर, तुम्ही नाही म्हणालात की मला अजून बाकावर उभं केल्यासारखं वाटतं."

सर बसायचे. खायचे. वहिनी बाजूला उभी राहून प्रत्येक घास मोजायची आणि मनातल्या मनात शिवण उसवायची. तळ्याला एक फेरी होईपर्यंत सर घरून निघताना होते त्यापेक्षा जड होऊन परतायचे.

मग तिनं वाट बदलली. विद्यार्थी नसलेली वाट शोधणं सोपं नव्हतं. शेवटी सापडली, गोदामांच्या मागची. तिथे कुणी राहत नव्हतं, कुत्री सोडून. कुत्र्यांना सरांनी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती दोघं त्या वाटेनं चालत गेली आणि धावत परत आली.

"वहिनी," सर गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "उद्याही हीच वाट का?"

"दुसरी बंद आहे सर. खोदून ठेवलीय."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

सर हसले. का हसले ते तिला तेव्हा कळलं नाही.

इकडे घरात भांडण रंगलं होतं. सर बारीक दिसायला लागले होते, त्यात शंका नव्हती. गालफडं वर आली होती, चष्मा नाकावरून घसरत होता.

"हे जिमचं फळ आहे. उशिरा दिसतं."

"जिम सुटून किती दिवस झाले! हे चालण्याचं."

"पळण्याचं म्हण. कुत्र्यांचं म्हण."

"मग कुत्री पाळा जिममध्ये."

दोघांनाही झोप लागत नव्हती. टेलर मधेच उठून कोट हातात घ्यायचा, पुन्हा टांगायचा. निरोपसमारंभ जवळ आला. त्याच्या आदल्या संध्याकाळी ट्रायल ठरली. त्यापुढे ढकलायला दिवसच नव्हता.

ट्रायल

सर आले. दुकानाचं दार बायकोनं आतून लावून घेतलं. सरांनी पँट पडद्याआड जाऊन घातली आणि एक हात खिशात घालून बाहेर आले. टेलरनं कोट मागून धरला. एक बाही गेली. सरांनी खिशातला हात बदलला. दुसरी गेली. खांद्यावर कापड जरा अडलं, टेलरचा श्वास अडला, मग सुटलं. खांदे बसले.

"पोट आत घ्या सर," टेलर पुटपुटला.

"घेतलेलं नाही. असंच आहे."

टेलरनं वरचं बटण काजात सरकवलं. ते गेलं. खालचं सरकवलं. तेही गेलं. कुठे ताण नाही, सुरकुती नाही. असा कोट त्यानं आयुष्यात कापला नव्हता.

"जिम!" तो ओरडला. "बघ! मी सांगत होतो, जिम!"

"अहो, काय जिम! खांद्यात अडला तो जिममुळे. बटण लागलं ते चालण्यामुळे!"

"वहिनी," सर आरशात बघत म्हणाले, "जिम मी सोडलीच नव्हती. संध्याकाळी जायचो. पैलवानाला बजावलं होतं, आता वर काही वाढवायचं नाही, फक्त मधलं कमी करायचं."

टेलरनं बायकोकडे बघितलं. बायकोनं टेलरकडे.

"मधलं म्हणजे..." टेलर म्हणाला.

"टेलर, इतकी वर्षं तुमच्याकडे कपडे शिवतो. वेळेवर एक पायजमा मिळाला नाही. विचारायला आलो की तुम्ही मागच्या दारानं जायचात. आणि तुम्ही माझ्या घरी आलात. आपण होऊन. म्हणालात, एकट्याला भीती वाटते." सरांनी मान हलवली. "तुम्ही गेल्यावर मी दार लावलं आणि खुर्चीत बसलो. म्हटलं, गेलं कापड."

"सर..."

"मग रोजच्या मिठ्या. पाठीवर तुमची बोटं चालायची, ती मला कळत नव्हती? हेडमास्तर आहे मी. कॉपी करणारा पोरगा मला पाठमोरा ओळखू येतो."

टेलर मटकन स्टुलावर बसला. "मग बोलला का नाहीत? ओरडायचं होतंत. मारायचं होतंत."

"ओरडून कापड वाढलं असतं?" सर म्हणाले. "कापड कापलं गेलं ते गेलं. माझ्या हातात काय होतं? मीच होतो. म्हटलं, आपणच बसू यात."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते टेलरला समजेना. त्याला स्वतःचंही समजत नव्हतं.

"पण मग सर," तो नाक पुसत म्हणाला, कारण इतकं झाल्यावरही त्याला राहवेना, "एक सांगा. जास्त कशानं उतरलं? जिमनं की चालण्यानं?"

"घास उतरत नव्हता, त्यानं," सर म्हणाले. "बटण लागेल की नाही या काळजीनं. तुमच्या दोघांच्या व्यायामानं भूक लागायची आणि त्या काळजीनं ती मरायची." ते वळले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "असो. लागलं ना बटण? या, आज मी मिठी मारतो."

खिशातला हात बाहेर आला आणि पँट खाली गेली.

सावकाश नाही. एकदम, घोट्यापर्यंत.

तिघंही पँटकडे बघत राहिले. बायकोनं पाठ असलेल्या मापानं, एक सूतही न चुकता शिवलेली पँट.

"ही कुणी कापली?" टेलरनं विचारलं. त्याच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जीव आला होता.

"मी," बायको म्हणाली. "बरोबर मापानं."

"तरीच!"

"दात काढू नका. द्या इकडे ती. कंबर आत घेते, मशीनवर लगेच होईल. सर, तुम्ही घरी जा, सकाळी हे आणून देतील. उद्या नक्की."

हा शब्द ऐकला आणि सरांनी खुर्ची ओढली.

"मी इथेच बसतो," ते म्हणाले.

अस्तराचं कापड कमरेला गुंडाळून ते आरशासमोर बसले. वर कोट, दोन्ही बटणं लावलेली. खाली पिवळं अस्तर, त्याखाली मोजे. मशीन चालू झालं. टेलर टेबलाशी उभा राहिला, मग खिडकीशी, मग पुन्हा टेबलाशी.

"आमच्या हिनं हे कापड घरी आणलं ना," सर आरशाकडे बघतच म्हणाले, "तेव्हा मी म्हटलं होतं, हा काय रंग, मला नको. तर म्हणाली, राहू दे, या रंगात तुम्ही बारीक दिसाल."

त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत जरा बाजूला वळून बघितलं.

"दिसतो की," ते म्हणाले.